कापड आणि शिलाई : देशोदेशींच्या भावांचा ताळेबंद
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)

सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एखादा व्यावहारिक विषय असावा अशी संयोजकांची इच्छा होती, आणि ती जबाबदारी त्यांनी माझ्यासारख्या कापड-व्यापाऱ्यावर सोपविली. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतरचे माझे उर्वरित शिक्षण गादीवर बसूनच झाले. त्यामुळे अर्थशास्त्राचे सूक्ष्म सिद्धान्त मांडण्याचा माझा अधिकार नाही. परंतु भाव हा आम्हा व्यापाऱ्यांचा रोजचा स्वाध्याय असतो. तोच धागा धरून आज ‘देशोदेशींचे भाव आणि पैशाची क्रयशक्ती’ या विषयावर काही विचार आपल्यासमोर ठेवीत आहे.

आज आपल्या समाजातील क्वचितच एखादे घर असे असेल, की ज्या घरातील मुलगा, मुलगी, जावई वा पुतण्या परदेशी नाही. लग्नसमारंभात दोन पाहुणे भेटले की प्रश्न ठरलेला असतो : ‘चिरंजीवांना तिकडे किती मिळतात ?’ उत्तर डॉलरमध्ये येते. ऐकणारा मनातल्या मनात त्या आकड्याला डॉलरच्या दराने गुणतो आणि त्याचे डोळे विस्फारतात. या एका गुणाकारावर विवाह ठरतात, शिक्षणासाठी कर्जे काढली जातात, चालता व्यवसाय सोडून मुले परदेशी जातात आणि वृद्ध आई-वडील एकटे राहतात. इतके मोठे निर्णय ज्या हिशेबावर उभे आहेत, तो हिशेब बरोबर आहे की नाही, हे एकदा तपासून पाहावयास हवे.

आमच्या व्यापारात पूर्वी कापड वाराने विकले जाई, पुढे मीटर आला. एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर. एका दुकानात वाराचा भाव लावलेला असेल आणि शेजारच्या दुकानात मीटरचा, तर ते दोन आकडे तसेच शेजारी ठेवून कोणते कापड स्वस्त हे ठरविता येत नाही. आधी माप एक करावे लागते, मग भावांची तुलना करावयाची. देशादेशांच्या मिळकतीची तुलना करतानाही हेच तत्त्व लागू पडते. रुपया आणि डॉलर ही दोन मापे आहेत. ती एका मापात आणण्यासाठी आपण सरसकट विनिमय दर वापरतो. आपली जुनी व्यापारी मंडळी त्याला हुंडणावळीचा दर म्हणत. प्रश्न असा, की हुंडणावळ हे या कामासाठी योग्य माप आहे काय ?

हुंडणावळीचा दर ठरतो तो आयात-निर्यातीवर, खनिज तेलाच्या खरेदीवर, परकीय भांडवलाच्या ये-जा करण्यावर, व्याजदरावर आणि कधीकधी केवळ सरकारी निर्णयावर. ६ जून १९६६ रोजी भारत सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. आदल्या दिवशी ४.७६ रुपयांना असलेला डॉलर एका रात्रीत ७.५० रुपयांचा झाला, म्हणजे ५७ टक्क्यांहून अधिक महाग झाला. हुंडणावळीने मोजले तर त्या रात्री प्रत्येक भारतीयाचे उत्पन्न एक-तृतीयांशाहून अधिक घटले, असे म्हणावे लागेल. पण त्या एका रात्रीत कोणाच्या ताटातील भाकरी एक-तृतीयांशाने कमी झाली नव्हती, की न्हाव्याने आपला दर दीडपट केला नव्हता. आयात मालाचे भाव वाढले, त्याची झळ पुढे इतरत्र पोहोचली, हे खरे. परंतु डॉलरचा दर आणि माणसाचे राहणीमान हे एकाच दोरीने बांधलेले नाहीत, एवढे यावरून स्पष्ट होते.

मग पैशाची खरी किंमत कशाने मोजावी ? त्या पैशात काय येते, याने. हा विचार नवा नाही आणि केवळ पाश्चात्त्यांचाही नाही. मुंबईचे सुपुत्र दादाभाई नौरोजी यांनी १८७६ मध्ये भारताच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. १८६७-६८ या वर्षाच्या आधारे त्यांनी भारतीयाचे सरासरी वार्षिक उत्पन्न २० रुपये काढले. परंतु ते एवढ्यावरच थांबले नाहीत. तांदूळ किंवा पीठ, डाळ, भाजी, तूप, तेल, मीठ असा जगण्यापुरता शिधा घेण्यास त्या-त्या प्रांताच्या भावाने किती खर्च येतो, हे त्यांनी मांडले आणि तुरुंगातील कैद्यावर सरकार जो खर्च करीत असे, तोही शेजारी ठेवला. प्रांतपरत्वे हा निर्वाहखर्च वर्षाला १६ ते ३५ रुपयांपर्यंत येत होता. तात्पर्य असे, की रयतेच्या सरासरी मिळकतीत कैद्याइतकेही पोटभर अन्न अनेक ठिकाणी येत नव्हते. रुपयाला वस्तूंच्या टोपलीत उतरवून मोजण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

पहिल्या महायुद्धात जगातील चलनांची सोन्याशी असलेली गाठ सुटली, तेव्हा चलनांचे परस्पर दर कशावर ठरवावे हा पेच निर्माण झाला. स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव कासेल यांनी १९१८ मध्ये ‘क्रयशक्ती समानता’ हा शब्दप्रयोग रूढ केला. दोन चलनांचा दर त्यांच्या आपापल्या देशातील खरेदीशक्तीच्या प्रमाणात असावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९२३ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. हुंडणावळीचा दर स्थिर राखण्यापेक्षा रुपयाची देशातील खरेदीशक्ती स्थिर राहणे महत्त्वाचे, हा त्या ग्रंथाचा एक प्रमुख आग्रह होता.

ही कल्पना सामान्य वाचकांपर्यंत पोहोचविली ती ‘द इकॉनॉमिस्ट’ या ब्रिटिश साप्ताहिकाने. १९८६ मध्ये त्यांनी एक गमतीचा निर्देशांक सुरू केला. मॅकडोनाल्ड्स या कंपनीचा ‘बिग मॅक’ हा खाद्यपदार्थ अनेक देशांत जवळपास एकाच पद्धतीने तयार होतो. म्हणून त्याचाच भाव देशोदेशी पाहावयाचा. उदाहरणापुरते ठोकळ आकडे घेऊ. तो पदार्थ अमेरिकेत ५ डॉलरला आणि दुसऱ्या एका देशात तेथील २०० नाण्यांना मिळतो असे समजा. भागाकार केला तर एक डॉलर ४० नाण्यांबरोबर येतो. बाजारात मात्र डॉलरला ८० नाणी मोजावी लागत असतील, तर त्या देशाचे चलन बाजारात निम्म्या किमतीला विकले जात आहे, असा अर्थ निघतो.

आता हा पदार्थ गोमांसाचा आहे. त्याचे नाव या व्यासपीठावर घेताना मलाही संकोच वाटला. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही तो आपल्याला गैरलागूच आहे. ती कंपनी १९९६ मध्ये भारतात आली तेव्हा तिला येथे गोमांस वर्ज्य ठेवावे लागले, आणि निर्देशांकात भारतासाठी कोंबडीच्या मांसाचा ‘महाराजा मॅक’ धरला जातो. म्हणजे मापाचा गजच बदलला ! शिवाय अमेरिकेत जे मजुराचे साधे जेवण, ते गरीब देशात शहरी मध्यमवर्गाची चैन ठरते. एकाच वस्तूवर भिस्त ठेवण्याचा आणखी एक धोका अर्जेंटिनात दिसला. तेथे २०११ च्या सुमारास हा एकच पदार्थ त्याच दुकानातील इतर तत्सम पदार्थांच्या मानाने आश्चर्यकारक स्वस्त होता, आणि महागाई कमी दिसावी म्हणून सरकारी दडपणाने तो तसा ठेवला जातो, अशी चर्चा वृत्तपत्रांतून झाली. एका वस्तूचा निर्देशांक गमतीसाठी, विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी ठीक आहे. राष्ट्राचा हिशेब त्यावर करता येत नाही.

त्यासाठी गंभीर प्रयत्न १९६८ मध्ये सुरू झाला. संयुक्त राष्ट्रसंघ आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठ यांनी प्रा. अर्व्हिंग क्राव्हिस यांच्या नेतृत्वाखाली आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम हाती घेतला. १९७० या वर्षाच्या पहिल्या तुलनेत अवघे दहा देश होते आणि त्यांत भारत होता, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. आज हे काम जागतिक बँकेच्या समन्वयाने चालते आणि २०२१ या वर्षाच्या फेरीत १७६ देश-प्रदेशांचा समावेश झाला.

या कामातील अडचण कापड-व्यापाऱ्याला चटकन समजेल. नुसता ‘पुरुषांचा सदरा’ म्हणून भागत नाही. कापड सुती की मिश्र, बाह्या लांब की आखूड, नामांकित छापाचा की साधा, हे सर्व निश्चित केल्याखेरीज दोन देशांतील भाव शेजारी मांडणे म्हणजे मलमल आणि मांजरपाट एकाच तागडीत घालण्यासारखे आहे. उलट फार काटेकोर वर्णन केले, तर ती वस्तू दुसऱ्या देशात मिळतच नाही. नऊवारी लुगड्याचा भाव जर्मनीत कोठे विचारणार ? म्हणून अन्न, वस्त्र, घरभाडे, औषधे, प्रवास, शिक्षण, बांधकाम, सरकारी नोकरांचे पगार अशा शेकडो बाबींचे भाव गोळा करून, प्रत्येक देशाच्या खर्चातील त्यांचे महत्त्व लक्षात घेऊन सरासरी काढली जाते.

या पद्धतीने निघालेले भारताचे आकडे विचार करण्याजोगे आहेत. २०१७ मध्ये बाजारात एका डॉलरला सरासरी ६५.१२ रुपये पडत होते. परंतु अमेरिकेत एका डॉलरमध्ये जेवढे येते, तेवढे भारतात घेण्यास सरासरी २०.६५ रुपये पुरत होते. म्हणजे रुपयाची घरातली ताकद त्याच्या बाजारातील ताकदीच्या सुमारे तिप्पट. या मापाने २०१७ मध्ये भारताचे राष्ट्रीय उत्पादन ८,०५१ अब्ज डॉलर, म्हणजे जगाच्या ६.७ टक्के ठरले, आणि चीन व अमेरिका यांच्यानंतर आपला क्रमांक तिसरा आला. हुंडणावळीने मोजल्यास हाच आकडा एक-तृतीयांशाहूनही कमी भरतो.

येथे आपण आनंदाने टाळ्या वाजवू शकतो. परंतु व्यापारी माणूस टाळी वाजविण्याआधी विचारतो, की हा माल इतका स्वस्त का ? त्याचे उत्तर मी माझ्या दुकानातील व्यवहारावरून देतो.

सदऱ्याच्या किमतीत दोन भाग असतात : कापड आणि शिलाई. कापूस जागतिक बाजारातील वस्तू आहे, सूत जहाजाने देशोदेशी जाते, ताका आज येथे तर उद्या दुबईला जाऊ शकतो. त्यामुळे एकाच प्रतीच्या कापडाच्या घाऊक भावात देशादेशांत फार अंतर टिकत नाही. अंतर पडलेच, तर कोणीतरी स्वस्त ठिकाणचा माल उचलून महाग ठिकाणी नेतो आणि भाव जुळतात. आपल्या पेठांतील शिंप्याला मात्र लंडनच्या गिऱ्हाईकाचे माप घेता येत नाही. येथील शिलाई आणि लंडनची शिलाई यांत अनेक पटींचा फरक राहतो. तोच प्रकार न्हावी, स्वयंपाकी, धुणेभांडी करणारी बाई, वाहनचालक, शिक्षक यांच्या बाबतीत आहे. जे समुद्र ओलांडते त्याचे भाव जवळ येतात, जे ओलांडत नाही त्याचे दूर राहतात.

हे दूर का राहतात, याचे शास्त्रीय विवेचन १९६४ मध्ये बेला बलासा आणि पॉल सॅम्युएल्सन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे केले. श्रीमंत देशातील न्हावी आपल्या न्हाव्यापेक्षा अधिक केस कापतो असे नाही. पण त्याच्या शेजारच्या कारखान्यातील कामगार यंत्रसामग्रीच्या बळावर तासाला कितीतरी अधिक उत्पादन करतो. त्या कारखान्यात मजुरी वाढते. न्हाव्याला टिकवून धरावयाचे तर त्यालाही तेवढे द्यावे लागते, आणि केस कापण्याचा दर वाढतो. गरीब देशात कारखान्यातील मजुरीच कमी, म्हणून शिंप्याची शिलाईही कमी.

श्रोतेहो, आजच्या भाषणात मला जे सांगावयाचे आहे ते हेच. रुपयाची घरातील जी तिप्पट ताकद आपल्याला दिसते, तिच्यातील मोठा हिस्सा आपल्या शिंप्याच्या, मोलकरणीच्या आणि हमालाच्या अल्प मजुरीतून आलेला आहे. ‘भारतात राहणे किती स्वस्त !’ असे परदेशातून आलेला आपला मुलगा म्हणतो, तेव्हा त्याच्यासाठी जी स्वस्ताई असते, तीच दुसऱ्या कोणाची तरी महिन्याची कमाई असते. आणि त्या कमाईला समुद्र ओलांडणाऱ्या वस्तूंपुढे तिप्पट ताकद प्राप्त होत नाही. मोबाइल संच, पेट्रोल, परदेशी औषध, परदेशी विद्यापीठाची फी यांच्यासाठी हुंडणावळीचाच दर मोजावा लागतो.

हे दाखविणारी एक सोपी पद्धत आहे. स्वित्झर्लंडच्या यूबीएस बँकेने १९७१ पासून अनेक वर्षे जगातील शहरांचे भाव आणि वेतन यांची पाहणी केली. एखादी वस्तू घेण्यासाठी सामान्य कामगाराला किती वेळ काम करावे लागते, हे तीत मोजले जाई. यात चलन बदलण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण वेळ हे सर्वांचे एकच नाणे आहे. २०१५ च्या पाहणीत एका प्रसिद्ध मोबाइल संचासाठी झुरिकच्या कामगाराला सुमारे २० तास, तर मुंबईच्या कामगाराला सुमारे ३५० तास काम करावे लागत होते. क्रमवारीतील तिसऱ्या क्रमांकाबरोबर हा आकडाही आपण ध्यानी ठेवावा.

या अंदाजांविषयी थोडी सावधगिरीही हवी. भारताचा पूर्वीचा अंदाज १९८५ च्या भाव-पाहणीवरून पुढे वाढवीत नेलेला होता, आणि चीन तर २००५ च्या फेरीतच प्रथम सहभागी झाला. त्या फेरीचे आकडे २००७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन्ही देशांच्या अर्थव्यवस्थांचे क्रयशक्तीनुसार काढलेले आकारमान आधीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरले. कोणाचेही दुकान त्या दिवशी लहान झाले नव्हते, बदलला होता तो मोजणाऱ्यांचा अंदाज.

आता या सर्वांचा आपल्या संसारात उपयोग काय, ते तीन मुद्द्यांत सांगतो.

पहिला मुद्दा परदेशातील पगाराचा. सरसकट गुणाकार करू नये. पगाराचे दोन भाग करावेत : जो तेथेच खर्च होतो तो आणि जो शिल्लक राहून येथे येऊ शकतो तो. उदाहरणापुरते धरू, की महिन्याला ६,००० डॉलर हाती येतात, ४,५०० तेथे खर्च होतात आणि १,५०० उरतात. डॉलर ८० रुपये आणि क्रयशक्तीचा दर २० रुपये धरला, तर सरसकट गुणाकाराने ४ लाख ८० हजार येतात. परंतु तेथे खर्च होणारे ४,५०० डॉलर येथील सुमारे ९० हजारांच्या राहणीमानाइतके आहेत, आणि उरलेले १,५०० मात्र खरोखरच १ लाख २० हजार होतात. एकूण २ लाख १० हजार. ही रक्कम लहान नाही. पण ती ४ लाख ८० हजार नव्हे. जो मुलगा काही शिल्लक टाकू शकत नाही, त्याचा हिशेब तर पूर्णपणे खालच्या दराने करावा. घरभाडे, आरोग्यविमा आणि लहान मुलांचे पाळणाघर या तीन बाबी आधी विचाराव्यात, मग पगाराचा आकडा.

दुसरा मुद्दा दानाचा. परदेशस्थ दात्याचा एक डॉलर येथे भोजनगृह, वसतिगृह, शिक्षकांचे मानधन यांवर खर्च झाला, तर तो तेथल्या दोन-तीन डॉलरांचे काम करतो. तोच डॉलर रुग्णालयासाठी आयात यंत्र घेण्यावर खर्च झाला, तर त्याला तो लाभ मिळत नाही. यंत्र घेऊच नये असे मी म्हणत नाही. पण कोणत्याही विश्वस्ताने दोन्ही खर्च एका मापाने मोजू नयेत.

तिसरा मुद्दा गरिबीचा. जागतिक बँकेने २०२२ मध्ये दारिद्र्यरेषा दिवसाला २.१५ डॉलर ठरविली, आणि जून २०२५ मध्ये २०२१ च्या भावांवर ती ३ डॉलर केली. हे वाचून अनेक जण बाजारातील दराने गुणतात आणि म्हणतात, ‘एवढ्यात तर आमच्याकडे माणूस बरा जगतो.’ पण हे डॉलर क्रयशक्तीचे आहेत. २.१५ डॉलर म्हणजे २०१७ च्या भावाने, राष्ट्रीय उत्पादनाच्या सरासरी दराने, ढोबळमानाने ४४-४५ रुपये, सुमारे १४० रुपये नव्हेत. दिवसाला पंचेचाळीस रुपयांत अन्न, वस्त्र, निवारा, औषध आणि शाळा ! चुकीच्या दराने गुणले, की गरिबाच्या हाती आहेत त्याहून तिप्पट पैसे आपण कागदावर ठेवतो आणि आपले मन निर्धास्त होते.

शेवटी एवढेच, की ही स्वस्ताई कायमची नाही आणि ती कायम राहावी अशी इच्छाही आपण धरू नये. जपान १९५०-६० च्या काळात अमेरिकेच्या मानाने स्वस्त देश होता. तेथील उद्योग वाढले, मजुरी वाढली, आणि १९९० च्या सुमारास टोकियो जगातील अत्यंत महाग शहरांत गणले जाऊ लागले. आपल्याकडेही कारागिराच्या हाती चांगली अवजारे आणि विद्या आली, की शिलाई महागेल, घरकामाचे दर वाढतील, आणि ६५ व २० यांच्यातील अंतर कमी होत जाईल. तेव्हा ‘पूर्वी किती स्वस्ताई होती’ असे म्हणून हळहळण्यापूर्वी, ती स्वस्ताई कोणाच्या खिशातून येत होती हे आपण आठवावे. माझ्या दुकानात आजही गिऱ्हाईक कापडाच्या भावाबद्दल फारशी घासाघीस करीत नाही, शिलाईबद्दल मात्र शेवटच्या रुपयापर्यंत करते. पुढच्या वेळी शिंप्यापुढे उभे असताना आपणा सर्वांना आजच्या विषयाची आठवण व्हावी, एवढी विनंती करतो.